काही टाकू नका!

आमच्या हापिसात दोनच गोष्टींचे ढीग लागतात, एक माहितीपत्रकांचे अन् दुसरे किस्स्यांचे. पत्रकांच्या ढिगाले वाळवी लागली. कीड नियंत्रणाच्या हापिसात वाळवी, घ्या! म्हणून आता किस्सेच उरले.

मी धानाच्या रोगांचा डॉक्टर. रायपूरले सरकारी सल्ला केंद्रात बसतो. शेतकरी आजारी रोप घेऊन येतात, मी संशोधनात काय निघालं ते सांगतो. अन् निम्म्या वेळा सांगायचं एवढंच असते, "काही टाकू नका." नेमकं हेच कोणी ऐकत नाही! वीस वर्षं बोंबलून राहिलो बाप्पा. एकच इच्छा होती. रिटायर व्हायच्या आधी एक माणूस, फक्त एक, माझं ऐकून फवारा न मारता राहिलेला पाहायचा.

*

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हाची गोष्ट. गल्लोगल्ली नवे बोर्ड लागले. आमच्या गोदामात धानाचा रस शोषणाऱ्या माहू किडीवरच्या पत्रकांचे गठ्ठे पडले होते, अन् सगळ्यांवर जुन्या राज्याचं नाव. वरून आदेश आला, नाव झाकल्याशिवाय एकही पत्रक वाटायचं नाही!

कुंभारेकाका म्हणजे आमचे शिपाई, मूळचे भंडाऱ्याचे. ते पंधरा दिवस लेई घेऊन नव्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत बसले. मी एक पत्रक उचलून पाहिलं. जुनं नाव वर तसंच, अन् खालची "पंपाले औषध किती" ही ओळ झाकलेली!

"काका, हे काय करून ठेवलं?"

"सर, वरतं नावाले लागून किड्याचा फोटो आहे ना. एवढा साजरा फोटो काहून झाकू?"

पुन्हा पंधरा दिवस खरवडण्यात गेले. तोवर किडा जेवून निघून गेला होता.

*

एक म्हातारे बाबा धानाची रोपं आणायचे. स्वच्छ गमछ्यात गुंडाळलेली, हिरवीगार, मुळं धुतलेली. मी भिंग लावून लावून थकलो.

"बाबा, इसमें बीमारी कहाँ है?"

"बीमारी तो खेत में है साहब! आपके पास सड़ा-गला लाते क्या? छाँट के लाया हूँ."

मी म्हटलं, अहो, सडलेलंच आणायचं असते! बाबांना ते काही पटलं नाही. साहेबाच्या टेबलावर घाण ठेवायची? पुढच्या खेपेले त्यांनी आजारी रोप आणलं खरं, पण ते बाहेर पायरीवर ठेवलं अन् मलेच तिथं बोलावलं.

*

बाहेरचे ऐकत नाहीत, त्याचं काय घेऊन बसलात! घरी कुंडीतल्या मिरचीची पानं आखडली. मी बायकोले रोगाचं नाव सांगितलं, तो पसरवणारी माशी सांगितली, झाड उपटून टाक म्हटलं. तिनं शेजारच्या दीदीले विचारून आंबट ताक शिंपडलं.

महिन्यानं मिरच्या लागल्या. काहून लागल्या, मले आजही माहीत नाही. तिनं ताटात एक वाढली अन् म्हणाली, "घ्या डॉक्टर, उपटलेल्या झाडाची मिरची."

पोट्टी बाजूले बसून हसत होती. "पापा, आप ना पेशंट बदल लो."

*

आता मुख्य दुखणं. पंडरीच्या बस स्टँडकडे जाताना कीटकनाशकांचं एक दुकान लागते. मालकाले सगळे सेठ म्हणतात. गोड माणूस, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. माझ्याकडून निघालेला शेतकरी बस पकडायच्या आधी तिथंच थांबते.

तोंडी सांगितलेलं राहत नाही म्हणून मी लिहून द्यायले लागलो. हापिसच्या कागदावर मोठ्या अक्षरात "कुछ मत डालो", खाली सही, गोल शिक्का. पहिलाच कागद घेऊन एक जण गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की तो दोन बाटल्या घेऊन गावी पोचला.

मी तडक दुकानात गेलो. सेठ हात जोडून म्हणाला, "सर, आपने एकदम सही लिखा था. मैंने भी उसको वही बोला, और कुछ मत डालना, बस ये डालना!"

मी चहा पिऊन परत आलो. काय करणार!

*

मग बिसाहू आला. तीन एकर धान, घरच्या नऊ माणसांचं वर्षाचं खाणं त्यातच. पानं कडेनं वाळून राहिली होती. हा रोग बुरशीचा नव्हे, बुरशीचं औषध ओतून काही होत नाही. मी म्हटलं, शेतातलं पाणी काढ, युरिया थांबव, अन् वाट पाहा.

"हव साहब," तो म्हणाला. हव म्हणजे हो. हे हव मी हजारदा ऐकलं आहे, ते थेट सेठकडे जाते.

पण हा थांबला. "दू ठन कागज दे दे साहब. एक घर बर, एक खेत बर. भाई मन पंप धर के खड़े हें."

एक कागद घरासाठी, एक शेतासाठी, कारण भाऊ पंप धरून उभेच होते. मी दोन कागदांवर शिक्का मारला, अन् तो गेल्यावर मलेच धास्ती बसली. सेठची बाटली फुकट गेली तर शिव्या सेठले. माझा सल्ला चुकला तर नऊ माणसांनी खायचं काय? तीन आठवडे कसेबसे काढले, मग बसनं त्याच्या गावी गेलो.

हरेलीच्या सणाले इथं शेतात भेलव्याची, म्हणजे आपल्या बिब्ब्याची, फांदी रोवतात, पिकावर कीड येऊ नये म्हणून. बिसाहूच्या शेतात त्या फांदीले, प्लास्टिकच्या पिशवीत, माझा कागद बांधलेला! बिसाहूनं सांगितलं, भाऊ पंप घेऊन आले, गोल शिक्का पाहिला अन् परत फिरले. थोडं धान गेलं होतं, पण बाकीचं उभं होतं. मी बांधावर बसलो. खरं सांगतो, डोळे भरून आले. एकानं तरी ऐकलं!

*

पुढच्या हरेलीच्या आदल्या दिवशी हापिस उघडलं तर दाराशी लाइन. बिसाहूचा अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, आलेला, अन् एकाच्याही हातात रोप नाही.

"क्या बीमारी है?"

"बीमारी अभी कहाँ साहब! वही कागज दे दो, भेलवा में बाँधने वाला."

मी अर्धा तास समजावलं. कागदानं रोग जात नाही, शिक्क्यानं कीड मरत नाही, पाणी काढल्यानं धान वाचलं. "हव साहब," सगळे म्हणाले, अन् कोणी जागचं हललं नाही.

कुंभारेकाकांनी शाईचा पॅड माझ्यापुढं सरकवला. "मारा सर. फवारा तर नाही ना मारून राहिले!"

मारत गेलो. मनगट दुखायले लागलं. शेवटच्या माणसाचं नाव विचारायले मान वर केली, तर समोर सेठ!

त्यानं मागं वळून दार पाहिलं, मग टेबलावर वाकून हळूच म्हणाला, "सर, गाँव में अपना भी पाँच एकड़ धान है. मेरे वाले पे ठप्पा ज़रा गहरा लगाना."