बारा मीटरांचा ढाळ

साइटवर त्यांना सगळे लेव्हलमामा म्हणत. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची उंची जुळवायची, ही जुनी पद्धत त्यांनी एकतीस वर्षांत सोडली नव्हती. लेसरचं यंत्र आणून दिलं तरी ते आधी नळी लावून बघत आणि मग यंत्राला म्हणत, "बरोबर आहे तुझं." नळकामाचे मुकादम म्हणून त्यांच्या हाताखाली नऊ माणसं होती. शाळा आठवीपर्यंतच झालेली. पण कुठल्याही इमारतीत शिरले, की पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नातेवाइकांचं नवं घर बघायला गेल्यावर बाकीची मंडळी बैठकीच्या खोलीचं कौतुक करत आणि मामा न्हाणीघरात उकिडवे बसून जाळीकडे बघत. "यांचा चहा आतच द्या," असं त्यांची बायको यजमानीणबाईंना सांगायची.

त्या वर्षी त्यांच्याकडे काम होतं लहान मुलांच्या तीन मजली दवाखान्याचं. तिथे पहिल्याच दिवशी त्यांना वेगळं काही दिसलं. साइट ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत भिंतीवर नकाशे नव्हते. एक मोठा पडदा होता, आणि त्यावर अख्खा दवाखाना उभा होता. आर्किटेक्टच्या भिंती पांढऱ्या, काँक्रीटच्या तुळया करड्या, नळ निळे, मैलापाण्याचे पाइप तपकिरी, हवेचे डक्ट हिरवे.

हे सगळं सांभाळणाऱ्या इंजिनिअर बाईंना साइटवर मॉडेलवाल्या मॅडम म्हणत. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. आर्किटेक्टचा प्रोग्रॅम वेगळा, स्ट्रक्चरवाल्यांचा वेगळा, पाइपांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसचा तिसराच. प्रत्येकाने आपल्या घरी आपल्या भाषेत बोलावं. पण बाहेर पाठवताना सगळ्यांनी एकाच खुल्या नमुन्यातली फाइल पाठवायची. हा नमुना कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, त्यामुळे ती फाइल कुणालाही उघडता येते. दर सोमवारी या फाइली एकमेकींवर ठेवून बघायच्या. पाइप तुळईत घुसला, डक्ट भिंतीला धडकला, की पडद्यावर लाल ठिपका येतो. प्रत्यक्षात डोकं फुटण्याआधी चित्रात फुटलेलं बरं, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा सगळे हसले.

मामा हसले नाहीत. ते पडद्याच्या मागे जाऊन बघून आले.

त्याच बैठकीत पाइपांच्या ऑफिसातल्या नकाशेवाल्याने एक प्रश्न विचारला होता. मैलापाण्याच्या पाइपांना ढाळ दाखवायचा का? मामांनी नेहमीचंच उत्तर दिलं. "ढाळ आमच्यावर सोडा. तो साइटवर देतोच आम्ही." नकाशेवाल्याचंही काम वाचलं. आजवर असंच चालत आलं होतं. कागदावर सरळ रेघ यायची, कडेला ढाळ किती ते बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, आणि रेघेला उतार देणं हे मुकादमाच्या हातात असायचं.

पुढचे दोन महिने मामा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन पत्र्याच्या खोलीत बसू लागले. भिंतीच्या आत जाता येतं का, हा त्यांचा पहिला प्रश्न. येतं म्हटल्यावर दुसरा प्रश्न, पाइपाच्या आत? मॅडमनी त्यांना पाइपाच्या आत नेलं. एकतीस वर्षं ज्याच्या फक्त तोंडाशी उभे राहिले, त्याच्या पोटात मामा पहिल्यांदाच शिरले होते. डबा तसाच राहिला. मग त्यांना कळलं, की कुठल्याही तुकड्यावर बोट ठेवलं की तो आपली सगळी कुंडली सांगतो: व्यास किती, कशाचा बनलाय, कुणी काढला, जमिनीपासून किती उंच. मामा दवाखान्यातल्या एकेका तुकड्याची चौकशी करू लागले. त्यांचा मेहुणा त्याच साइटवर सेंटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी फळ्यांचे साचे बांधण्याचा ठेकेदार होता. तो म्हणायचा, आमच्या भाऊजींना या वयात टीव्ही मिळालाय.

शेवटी मॅडमनी ती फाइल मामांच्या फोनवरच घालून दिली. प्रोग्रॅम विकत घ्यावा लागेल का, असं मामांनी चाचरत विचारलं. नुसतं बघायला काही लागत नाही, म्हणूनच तर नमुना खुला ठेवलाय, असं मॅडमनी सांगितलं.

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब, म्हणजे त्याची जमीन, शनिवारी सकाळी ओतायची होती. स्लॅबखालच्या तुळयांमधून पाइप जाण्यासाठी जिथे भोकं हवीत, तिथे साच्यात आधीच नळीचे तुकडे बसवलेले असतात. काँक्रीट एकदा घट्ट झालं की तुळईला भोक पाडायला कुणी परवानगी देत नाही. म्हणून ओतण्याआधी एका कागदावर मामांची सही लागते: भोकं तपासली, जागेवर आहेत. सही शुक्रवारी पाचपर्यंत द्यायची होती. सोमवारच्या तपासणीत त्या मजल्यावर एकही लाल ठिपका नव्हता.

बुधवारी संध्याकाळी मामा घरी फोन घेऊन बसले होते. बायको शिवणयंत्रावर कुणाच्या तरी ब्लाउजला बाही जोडत होती. त्यांनी तिला दवाखाना दाखवला. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "दुसऱ्या मजल्यावरच्या पोराने संडासची साखळी ओढली, तर पाणी कुठून जाईल ते दाखवा."

मामा खूश झाले. आपल्या विषयातला प्रश्न बायकोने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारला होता. त्यांनी संडासापासून बोट फिरवायला सुरुवात केली. पाइप खाली उतरला, छताच्या पोकळीत आडवा वळला आणि तीन तुळया ओलांडून बारा मीटरांवरच्या उभ्या पाइपाला मिळाला. दाखवता दाखवता त्यांनी सवयीने टोकाला बोट ठेवलं. उंची दोन मीटर अठ्ठ्याऐंशी. सुरुवातीला बोट ठेवलं. दोन मीटर अठ्ठ्याऐंशी.

आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटलं. त्यांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. शेजारची लाइन बघितली, तीही तशीच. तपकिरी रंगाचा प्रत्येक आडवा पाइप टेबलासारखा सपाट होता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"पाणी जात नाहीये," मामा म्हणाले.

ऐंशीला एक या हिशेबाने बारा मीटरांत पंधरा सेंटिमीटर उतार हवा. तिसरी तुळई दहा मीटरांवर होती, म्हणजे तिथे पाइप साडेबारा सेंटिमीटर खाली हवा. भोक पंधराचं, पाइप अकराचा. इकडेतिकडे करायला दोन-दोन सेंटिमीटर. ढाळ दिला तर पाइप भोकाऐवजी काँक्रीटवर आपटणार, आणि नाही दिला तर मैला तिथेच साचणार. खाली उपचारांची खोली होती. मॉडेलने टक्कर दाखवली नव्हती, कारण सपाट पाइप सपाट भोकातून नीट जात होता. त्याला जे सांगितलं ते त्याने चोख तपासलं होतं. आणि ते सांगणारे, 'ढाळ आमच्यावर सोडा' म्हणणारे, खुद्द मामा होते.

आजवर असं झालं की ते जागेवर मार्ग काढत. पाइप तुळईच्या खालून घ्यायचा, छत चार बोटं खाली आणायचं, कुणाला पत्ता लागायचा नाही. इथे तुळईखाली बोटभर जागा नव्हती. तिथून हिरवे डक्ट जात होते. हे बोलायचं, तर सगळ्यांसमोर आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची. गप्प बसायचं, तर शुक्रवारी सही करायची.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "कापडाला कात्री लागेपर्यंत गिऱ्हाइकाने सतरा वेळा मन बदललं तरी मी चालवून घेते," ती म्हणाली. "तुमची कात्री शनिवारी आहे ना?"

गुरुवारी सकाळी मामा मॅडमसमोर उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, बैठकीतल्या आपल्या वाक्यासकट. मॅडमनी पडद्यावर दोन्ही टोकांची उंची पाहिली आणि तपासणीची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "मामा, मलाही हे दिसायला हवं होतं. मी लाल ठिपके शोधत होते."

मग त्यांनी मामांना खूण टाकायला शिकवली. मॉडेलमध्ये ज्या जागी घोडं अडलंय, तिथे उभं राहून प्रश्न लिहायचा. प्रश्न त्या जागेलाच चिकटून राहतो. आर्किटेक्ट आपल्या प्रोग्रॅममध्ये, स्ट्रक्चरवाले त्यांच्या प्रोग्रॅममध्ये तो उघडतात, तेव्हा थेट त्याच तुळईसमोर, त्याच कोनातून येऊन उभे राहतात. कुठला मजला, कुठली तुळई, कुठला नकाशा ही फोनाफोनी नको. मामांनी दोन बोटांनी टाइप केलं: 'पाइपाला ढाळ नाही. ढाळ दिला तर भोक चुकतं. साइटवर देऊ असं मी म्हणालो होतो. ते चुकलं.' शेवटची दोन वाक्यं काढली तरी चालतील, असं मॅडम म्हणाल्या. मामांनी ती राहू दिली.

दुपारी ही बातमी मेहुण्यापर्यंत पोहोचली. त्याचा साचा बांधून झाला होता, सळ्या बसल्या होत्या, काँक्रीटच्या गाड्या सांगून ठेवल्या होत्या. तो शिडीवरूनच बोलला.

"भाऊजी, एकतीस वर्षं डोळे झाकून सह्या केल्यात. ही एकच उघड्या डोळ्यांनी करायची होती का?"

"डोळे झाकून नाही केल्या. तेव्हा आतलं दिसत नव्हतं."

"मग आता तरी का बघता?"

दिसतंय म्हणून, एवढंच मामा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत त्या खुणेखाली उत्तरं जमू लागली. स्ट्रक्चरवाल्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: तुळई साठ सेंटिमीटर उंच, भोक तिच्या मधल्या वीस सेंटिमीटरांतच हवं, त्याखाली सळ्या आहेत, परवानगी नाही. नकाशेवाल्याने त्या मजल्याच्या सगळ्या लाइनींना ढाळ देऊन फाइल पुन्हा पाठवली. बाकीच्या आखूड लाइनी भोकांत बसल्या, पण या लाइनीच्या तिसऱ्या तुळईवर लाल ठिपका उमटला. मामा त्या ठिपक्याकडे बघत बसले. आदल्या दिवशी आपल्याला जे फक्त मनात दिसत होतं, ते आता सगळ्यांना दिसत होतं.

रस्ता सापडला तो मामांच्या उचापतीमुळे. शुक्रवारी सकाळी ते पडद्यावर नेहमीप्रमाणे भिंतींतून फिरत होते. संडासांच्या दुसऱ्या बाजूला चादरी ठेवायची एक खोली होती. तिच्या कोपऱ्यातून वरपासून खालपर्यंत एकही वस्तू जात नव्हती. मामांनी विचारलं, इथे नवा उभा पाइप घालून पाणी इकडे नेलं तर? अंतर पाच मीटर, मध्ये एकच तुळई, तीही दोन मीटरांवर. तिथे ढाळ अडीच सेंटिमीटरच लागत होता. भोक अडीचने खाली सरकवलं, तर त्याची खालची कड मधल्या भागाच्या बरोबर सीमेवर येत होती. स्ट्रक्चरवाल्यांनी लिहिलं: काठावर पास, पण पास. आर्किटेक्टने त्या खोलीतल्या फडताळाची रुंदी वीस सेंटिमीटरांनी कमी करून कोपरा मोकळा केला, आणि खाली लिहिलं की तीन चादरी कमी बसतील. नकाशेवाल्याने लाइन नव्याने काढली, या वेळी ढाळासकट. मॅडमनी सगळ्या फाइली पुन्हा एकमेकींवर ठेवल्या. लाल ठिपका गेला. एक वाजला होता.

खूण बंद करा, असं मामांनी मॅडमना सांगितलं. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. "ज्याने उघडली त्यानेच बंद करायची. तसा नियम आहे."

"मग थांबा जरा."

मेहुण्याची माणसं तोवर कामाला लागली होती. तीन नळ्या काढा, एक घाला. वर सळ्यांचा पिंजरा तसाच ठेवून. मेहुणा दातओठ खात होता, पण फळीला हात लावला की तो काम चोखच करायचा. साडेचारला मामा साच्याखाली शिरले. बॅटरी तोंडात धरली, तळाच्या फळीपासून नळीच्या खालच्या कडेपर्यंत टेप लावला. तुळई साठची आणि कड वरून चाळीसवर, म्हणजे तळापासून वीस हवं होतं. टेपवर वीस आणि वर दोन मिलिमीटर आले.

वरून मेहुण्याचा आवाज आला. "बोला. पुन्हा काढू का?"

"राहू दे. दोन मिलिमीटर आहेत."

"कुठल्या बाजूला?"

"चांगल्या."

मामा बाहेर आले, गुडघ्यांवरचा भुसा झटकला आणि तिथेच फळीवर कागद ठेवून सही केली. मेहुण्याने कागद घेतला, सही नीट पाहिली आणि गाड्यांना सांगायला गेला. मग मामांनी फोन काढला आणि खुणेखाली दोन बोटांनी लिहिलं: 'साच्याखाली जाऊन मोजलं. बरोबर आहे.' त्याखाली 'बंद' असं बटण होतं. त्यावर बोट ठेवलं, तसा प्रश्न तुळईवरून नाहीसा झाला.

शनिवारी सकाळी सातला काँक्रीट पडायला लागलं. मामा त्या तुळईपाशी उभे राहिले होते. करड्या लगद्याने नळी दोन्ही बाजूंनी वेढली, वरूनही झाकली, आणि आत नळी आहे याची काही खूण उरली नाही. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मामांनी विचारलं, तिसऱ्या मजल्याच्या अकरा लाइनी आहेत, त्यांचे ढाळ नकाशेवाला कधी पाठवणार?

"मंगळवारी."

"मग सोमवारी मी डक्ट बघून घेतो," मामा म्हणाले. "त्यात हवा कुठल्या बाजूला जाते, ते अजून कळलं नाही मला."