वाकायची मनाई

आमच्या शेजारच्या विनोदिनीकाकू फ्रीगंजातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत. १९९४ साली त्यांच्या कंबरेतला एक मणका पुढे सरकला आणि डावा पाय बधिर पडू लागला. इंदूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून स्क्रू आणि सळया बसवल्या, मधे काकूंच्याच हाडाचे तुकडे भरले. मग एक तार घेऊन ती वाकवत-सरळ करत त्यांच्यासमोर तोडून दाखवली.

"धातू असाच थकतो. हाड जुळेपर्यंत भार सळयांनी पेलायचा. तोवर कंबरेतून वाकलात तर स्क्रू सैल होतील, नाहीतर मोडतील."

काकूंना या मनाईचा फायदा घरी पोचल्यावर कळला. थोरले दीर भय्यासाहेब सणावाराला खुर्चीत बसत आणि धाकट्या सुना रांगेनं त्यांच्या पाया पडत. नमस्कार वरवरचा वाटला तर पुन्हा करावा लागे. आता काकू ताठ उभ्या राहून नुसते हात जोडत आणि गरीब चेहऱ्यानं कंबरेकडे बोट दाखवत.

वर्षभरानं एक्स-रेत हाड पक्कं जुळलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, बांधलाय तो एकच सांधा, बाकीचे मोकळे आहेत. शेजारच्या मणक्यावर फार ताण येऊ देऊ नका, गुडघे मोडून खुशाल वाका. ही बातमी काकूंनी फक्त प्रकाशकाकांना सांगितली. काका थोरल्या भावाला वचकून असत, पण या बाबतीत त्यांनी बायकोला साथ दिली.

दिवाळीआधी काकू भैरवगढला छापाच्या चादरी घ्यायला गेल्या. आवडलेली चादर नेमकी गठ्ठ्याच्या तळाशी होती. पार खाली वाकून त्यांनी ती ओढून काढली आणि मान वर केली, तर समोर पाहुण्यांना घेऊन आलेले भय्यासाहेब.

"बहोत खूब," एवढंच ते म्हणाले आणि पुढे गेले.

पाडव्याला काकू मुकाट्यानं पुढे झाल्या आणि गुडघे मोडून रीतसर पाया पडल्या. बराच वेळ झाला तरी डोक्यावर हात येईना.

"खांदा आखडलाय," भय्यासाहेब गंभीरपणे म्हणाले. "वर्षभर हात उचलायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात."

"कोणते डॉक्टर?"

"तुमचेच."

काकू तशाच खाली बसून हसू लागल्या. रांगेतल्या सुनांनी पदर तोंडाला लावले. शेवटी भय्यासाहेबांनाही राहवेना. त्यानंतर कोण किती वाकतं, याकडे त्यांनी कधी पाहिलं नाही.