पाकळी पडल्यानंतर

कुडाळच्या स्टँडवर आईने मला दोन पिशव्या दिल्या. हलकी माझी, जड परबदादाची. "ती आधी पोचव गो," एवढंच म्हणाली. परबदादा आमच्या शेजारचा, मुंबईत औषधांच्या चाचण्या करणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याच्याच शब्दावर मला तिथे नोकरी लागली होती. आदल्या दिवशी आईने देवळात कौलही लावून घेतला. पोरीला मुंबईला पाठवू का? गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या, उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार, आणि मी एसटीत बसले.

गावात राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे इथे येऊन पडलात त्यांच्यासाठीही लिहितेय. दादाबद्दल अर्धंच ऐकलंय तुम्ही.

घाटकोपरला दोघी मैत्रिणींबरोबर खोली, पवईला ऑफिस. मी स्टॅटिस्टिशियन, चाचण्यांचे आकडे तपासणारी. आई विचारायची, तू डॉक्टर नाहीस, मग औषधाचं करतेस काय? मी तिला कौलावरूनच समजावलं. अर्ध्या पेशंटना खरी गोळी देतात, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. कोणाला कुठली, हे उघडण्याआधी आपला मुख्य प्रश्न लिहून कुलूपबंद करायचा. पाकळी पडल्यावर प्रश्न बदलायचा नाही. आईला ते झटकन पटलं. दादाला तर समजवायची गरजच नव्हती, तो त्याच देवळाच्या पायरीवर वाढलेला.

ती गोळी गुडघेदुखीची होती. प्रश्न साधा होता, दुखणं कमी होतं का? आम्ही उघडून बघितलं. नाही होत. खोट्या गोळीइतकंच. उलट खरी गोळी घेणाऱ्यांच्या पायांना सूज जास्त.

झालं, वाट लागली! साहेब लोकांचे चेहरे उतरले. आणि आठवड्याभरात दादाने मुख्य प्रश्नच बदलला. दुखण्याच्या जागी सकाळी उठल्यावरचा आखडलेपणा आणून बसवला. ढीगभर बारीकसारीक गोष्टी मोजल्या होत्या, त्यात एवढी एकच नशिबाने बरी आली होती. सूज गेली शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात.

मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाही म्हटलं. लेखी दिलं. दादाने मला बाजूला घेतलं. "अगं, तू अजून गावातच आहेस ना! इथे असंच चालतं." मग मला दुसऱ्या कामावर टाकलं आणि चाचणीचा पेपर एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, माझ्या नावासकट. मला न विचारता! वर म्हणतो, तुझ्या भल्यासाठीच ठेवलंय. हा माणूस मला परका असता तर मी एवढी जळले नसते. ज्याच्या घरची पेज पिऊन मी वाढले, त्याने माझं नाव वापरलं रे.

पेपर गाजला. जो तो त्याचा दाखला द्यायला लागला, डॉक्टर ती गोळी लिहून द्यायला लागले. ऑफिसात केक कापला, "काय इम्पॅक्ट आहे यार" म्हणत लोक माझा हात हलवत होते. मी राजीनामा दिला आणि अंधेरीला दुसरीकडे लागले. माझं नाव काढा म्हणून त्या नियतकालिकाला लिहिलं. अजून विचार चालू आहे म्हणतात. करा बाबा विचार.

गणपतीला घरी गेले तर आईच्या उशाशी तीच गोळी. आपल्या डॉक्टरांनी कौतुकाने दिलेली. "तुझ्या नावाची गोळी गो, माका कसली भीती?" मी तिच्या पायावर बोट दाबलं. उचललं, तरी खळगा तसाच राहिला. ती हसत होती, आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

तिला सगळं सांगितलं. तोवर तुमच्यात बोलणं सुरू झालंच होतं, परबाने पोरीला कामाला लावलं आणि पोरगी त्याच्यावरच उलटली. माझ्या सख्ख्या भावाने तोंडावर ऐकवलं. एकाने तरी विचारायचं होतंत मला, खरं काय ते.

डॉक्टरांशी बोलून आईने गोळी सोडली. सूज उतरतेय. पण परवा फोनवर आवाज बारीक करून म्हणाली, "मी बंद केलंय. पण हय कोणाक सांगू नको. परबाची आवस शेजाराक रवता." म्हणजे माझी आईसुद्धा माझं खरं मानते ते दार लावून. कुठे जायचं माणसाने? घाटकोपरच्या खोलीला मी कधी घर म्हटलं नाही, आणि जिथे म्हणते तिथे मी गप्प बसलेली सगळ्यांना हवी आहे.

जाता जाता आई आणखी एक बोलून गेली. परबकाकीला, दादाच्या आईला, आताशा चपला होत नाहीत. ती अंगणात अनवाणीच फिरते. तीही तीच गोळी घेते, लेकाच्या कंपनीची म्हणून मोठ्या भक्तीने.

तेव्हा आई, रागव हवं तर. काकी, ती गोळी घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जा आणि पाय दाखवा. मी सांगितलंय म्हणा. हे तुम्हाला तुमच्या मुलाने सांगायला हवं होतं. त्याला माहीत आहे.