चिंचेला न निघालेला थर

शिवानंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात चादर झटकून दाखवत गिऱ्हाइकाला रंगाची हमी देत होतो. चादर हातात तशीच राहिली... गिऱ्हाईक बिचारं दुसऱ्या दुकानात गेलं.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि पोलाद खाणाऱ्या ॲसिडवर, बांध कोरणाऱ्या भाऊबंदावर खावा तसा, खार खाऊन होता. डाळिंबाच्या सालींपासून तो कार्बनचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार करायचा, त्यांना निरनिराळी रसायनं जोडायचा, ते रोगणात कालवून त्याचा काळा थर पोलादाच्या पट्ट्यांना फासायचा आणि पट्ट्या ॲसिडच्या बरणीत टांगायचा. कुठल्या मिश्रणाचा थर ॲसिडला आत शिरू देत नाही, एवढंच त्याला हवं होतं. रसाच्या गाड्यावर हा मला म्हणायचा, "रस तू पी, साली माझ्या." गाडेवाला आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघायचा.

मग त्याचं डायलिसिस सुरू झालं, कॉलेज सुटलं. बरण्या गच्चीवरच्या खोलीत आल्या. "कुठलं टिकतं एवढं कळू दे," तो म्हणायचा, "मग यमाला चहा पाजतो."

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे घर धुऊन काढतात, हे तो विसरला. ॲसिडातून काढलेल्या पट्ट्या, प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधून, त्याने कठड्यावर वाळत ठेवल्या आणि डायलिसिसला गेला. मीच त्याला घरी घेऊन आलो. बघतो तर पट्ट्या लख्ख, आणि महानंदावहिनींचे हात चिंचेने माखलेले.

"किती काळ्या झाल्या होत्या की," वहिनी म्हणाल्या. "एक तर लई छळली. तारेनं घासली, तवा कुटं निघाली."

शिवानंद जिन्यातच बसला. "कुठली गं?"

"आता कसं सांगू? चिठ्ठ्या आधीच काढल्या की."

तो हसायला लागला. इतका हसला की मलाही आवरेना. मग त्याने चष्मा काढून डोळे पुसले आणि बराच वेळ तो परत घातलाच नाही... "म्हणजे एक टिकतंय," तो हळूच म्हणाला. "परत शोधू."

त्याने सगळं पुन्हा केलं. हात थरथरायचे, म्हणून चिठ्ठ्या या वेळी वहिनींनीच बांधल्या. पट्ट्या बरणीत टांगल्या, चिठ्ठ्या बाहेर. त्या बाहेर काढायच्या आधीच तो गेला.

तेराव्यानंतर कॉलेजातला त्याचा सहकारी आला. त्याने एकेक पट्टी काढून पाण्याखाली धरली. बहुतेक कुरतडलेल्या. एक मात्र काळीभोर, जशीच्या तशी. त्याने चिठ्ठी वाचली आणि मिश्रणाचा क्रमांक मोठ्याने सांगितला. आम्ही तिघेही शिवानंदच्या खुर्चीकडे वळलो... खुर्ची रिकामी होती.

वहिनींनी पट्टी हातात घेतली. ओली होती. सवयीने पदर पुढे आला आणि तिथेच थांबला.

सहकाऱ्याने तपासून ती परत आणून दिली. आता ती खिडकीत असते. वहिनी रोज सगळी खोली पुसतात. त्या पट्टीवर मात्र धूळ साचली आहे.