तिठ्यावरचे दोन रुपये

माझ्याच पंच्याच्या गाठीतून पडलेले दोन रुपये उचलायला मी एकदा भर दुपारी सबंध गावाची परवानगी मागितली होती. ती मिळाली नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, मॅट्रिक होतो आणि तीन वर्षं आत्याच्या ओटीवर बसून होतो. (बसून काय करीत होतो, तर गाव सुधारीत होतो. गाव ओटीसमोरून जाई तेव्हा.) भूत, मूठ, दृष्ट, उतारा, सगळं थोतांड आहे, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगे. आमच्या गावात तीन वाटा मिळतात त्या तिठ्यावर लोक उतारा ठेवीत. कुणाची पीडा उतरवायची, आणि नारळ, लिंबू, दहीभात, कुंकू असं सगळं तिथे ठेवून वर एक पैसा टाकायचा. तो पैसा जो उचलील, पीडा त्याच्या घरी! गेल्या साली असाच एक आणा तिथे पडला होता, तेव्हा मी चारचौघांत छाती काढून म्हणालो, "उचलून दाखवू?" चारचौघे म्हणाले, "दाखवा." आणि मला नेमकं तेव्हाच घरचं काम आठवलं.

अशात मे महिन्यात मुंबईहून एका ओळखीच्यांचं पत्र आलं. एका पेढीत कारकुनाची जागा होती. सोमवारी सकाळी दहाच्या आत हजर झालास तर तुझी, नाहीतर दारात दुसरा उभा आहे, असं स्वच्छ लिहिलं होतं. शनिवारी दुपारी चार वाजता रत्नागिरी बंदराला आगबोट लागायची होती आणि ती हंगामातली शेवटची बोट होती. ती चुकली की पावसाळाभर बोटी बंद. म्हणजे पुन्हा ओटी! मला स्वतःलाच आता त्या ओटीचा वीट आला होता.

पण शनिवारी अमावास्या होती.

"विसू, अमावास्येला कुणी उंबरा ओलांडतं का रे?" आत्या म्हणाली.

"बोटीच्या कप्तानाला अमावास्या कळत नाही, आत्या."

"मग त्याला एक पत्र टाक."

मी ऐकलं नाही. मी निघणार म्हणजे निघणार! शेवटी आत्याने हात टेकले आणि लाल रुमालात माझी बांधाबांध केली. वाटेत खायला केळीच्या पानात दहीभात. बोट लागू नये म्हणून हुंगायला लिंबू. दर्याला वाहायला नारळ. ग्रामदेवीच्या पायांवरच्या कुंकवाची पुडी. तिकिटाचे दोन रुपये तिने माझ्या पंच्याच्या टोकाला स्वतः गाठ मारून दिले. "आणि काम होईस्तोवर कुणाला सांगू नकोस कुठे चाललास ते. दृष्ट लागते." दृष्ट थोतांड आहे हे तिला समजावायला वेळ नव्हता, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही.

आता हे सामान तुम्ही पुन्हा एकदा वाचा. मी त्या वेळी वाचलं नाही, तिथेच घोळ झाला.

बाराच्या ठोक्याला मी वळकटी काखेत मारून झपाझप तिठ्यावर आलो, जांभ्याच्या एका दगडाला ठेचकाळलो आणि सपशेल आडवा झालो. रुमाल सुटला आणि जमिनीवर पसरला. नारळ फुटून त्याची दोन शकलं झाली. दहीभाताचा मुटका मधोमध बसला, लिंबू त्याला टेकून राहिलं, कुंकू चहूकडे उडालं आणि गाठीतले दोन्ही रुपये त्या दहीभातावर जाऊन शेजारी शेजारी बसले. जाणत्या माणसाने तासभर खपून मांडला असता तरी इतका सुबक उतारा झाला नसता!

रुपये मी तिथल्या तिथे उचलायला हवे होते. पण गुडघ्यातून रक्त वाहत होतं, डोळ्यांत कुंकू गेलं होतं आणि केसांत दही होतं. म्हटलं, आधी पऱ्यावर जाऊन धुऊन येऊ. पऱ्या म्हणजे आमचा ओढा, वीस पावलांवर. मे महिन्यात त्यात पाणी नसतं हे मला तिथे पोचल्यावर आठवलं. तसाच परत आलो, तर तिठ्यावर पाचसात माणसं लाकडांचे भारे टाकून, पुरेसं अंतर राखून उभी!

"कुनीतरी जबर मांडलंनी हाय," शिवराम म्हणत होता. हा शिवराम आमचा शेजारी. "बंदे रुपये! आनि ते पन दोन!"

"बाजूला हो शिवराम, ते माझे आहेत," असं म्हणून मी वाकलो. त्याने मागून माझ्या कमरेला मिठी मारली.

"विसुभाऊ, हात लावू नका!"

"अरे, माझे पैसे आहेत!"

"पैसा बगितला की परतेकाला तो आपलाच वाटतो. तीच तर त्याची खून हाय!"

"मी इथे पडलो! हे सगळं माझ्या हातातून पडलं!"

"तुमी पडलात?" शिवरामने माझ्याकडे वळून नीट पाहिलं. लालभडक तोंड, केसांत भात, धोतरावर रक्त. त्याने मिठी आणखी आवळली. "धरा रे ह्येला! झपाटलंनी!"

मी ओरडलो. ओरडलो तशी आणखी माणसं जमली. मी समजावून सांगितलं, तर म्हणाले बडबडतो. मी गप्प बसलो, तर म्हणाले डोळे बघा कसे फिरवतो. मी हसून दाखवलं, तेव्हा दोघे जण पळून गेले. काखेतली वळकटी पाहून एकाने खुलासा केला, "भूत मानसाला आदी घर सोडाय लावतं." मी सावल्या पाहत होतो. एक वाजून गेला होता, बंदर दीड तासाच्या वाटेवर होतं, आणि माझी नोकरी दहा हातांवर दहीभातावर बसली होती.

"आत्याला बोलवा!" मी म्हणालो. "आत्याने स्वतःच्या हाताने बांधून दिलंय. ती सांगेल."

माझी मदार आता आत्यावर होती. आत्या धावतपळत आली. तिने दहीभात पाहिला, नारळ पाहिला, स्वतःचा लाल रुमाल पाहिला. मग भोवती जमलेलं गाव पाहिलं.

"आत्या, सांग यांना! हे सामान कुणाचं?"

गाव आत्याच्या तोंडाकडे बघू लागलं. अमावास्येच्या शनिवारी, भर बारा वाजता, तिठ्यावर असलं मांडणारी बाई कोण, हे ऐकायला सगळ्यांनी कान टवकारले होते.

"मला काय ठाऊक?" आत्या म्हणाली. "माझं नव्हे हो बाई!"

मला ब्रह्मांड आठवलं. जिने मला लहानाचा मोठा केला ती माझी सख्खी आत्या! पण आज विचार करतो तर तिचं चुकलं असं म्हणवत नाही. 'माझं आहे' म्हणाली असती तर त्या दिवसापासून गावात कुणाची म्हैस आटली तरी लोक आमच्या दाराशी आले असते.

तेवढ्यात देवळातून धोंडू गुरव आला. गावावर काही आलं की देवीला गाऱ्हाणं घालायचं हे त्याचं काम. त्याने विडा ठेवला, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवी म्हाराजा! ह्या लेकराला आज जी काय बाधा झाली असंल..."

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव ओरडलं.

"जी कोन वाटंची, घाटाची, पान्याची इडापिडा असंल..."

"व्हय म्हाराजा!"

"तिला पायाखाली घालून दर्यापार धाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि या वेळी सगळ्यांत मोठा आवाज माझा होता!

दर्यापार! मला जायचं होतं तिकडेच तर हे मला धाडत होते! तीन वर्षं ओटीवर दिलेली सगळी व्याख्यानं मी क्षणात गिळली, केस विस्कटले आणि घुमायला लागलो.

"जातो!" मी गरजलो. "दर्यापार जातो!"

गाव दोन पावलं मागे सरलं. धोंडू मात्र पुढे आला. "कोन हायस तू?"

याचा मी विचार केला नव्हता. "खलाशी!" मी म्हणालो. "बुडालेला! मुंबईचा!"

"काय घेऊन जाशील? कोंबडा दिऊ?"

"कोंबडा नको. बोट पाहिजे! आजची! चारची!"

"भूत येळंचं पक्कं हाय," शिवराम हळूच म्हणाला.

"तिकीट काढून द्या!" मी पुढे म्हणालो. "डेकचं चालेल!" (भूत झालो तरी काटकसरीच्या घरातलं.)

"आनि झाड कदी सोडशील?" धोंडूने विचारलं. झाड म्हणजे मी. भूत ज्याच्या अंगात शिरतं त्याला आमच्याकडे झाड म्हणतात.

"सोमवारी! सकाळी दहाच्या आत!"

आत्या तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी होती आणि तिचे खांदे गदगदत होते. मला वाटलं, रडते आहे. मग पदर काढून ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "वाटेत भूक लागली तर? दर्यातल्या भुताला दहीभात लागतो म्हणतात. थांबा, घरात थोडा उरलाय."

पुढचं सगळं भराभर झालं. पीडा स्वस्तात जाते आहे म्हटल्यावर गावाने उभ्या उभ्या वर्गणी काढून तिकिटाचे पैसे जमवले. आजाऱ्याला न्यायची डोली आणली, मला वळकटीसकट तिच्यात कोंबलं, आणि आळीपाळीने खांदे देत, ढोल बडवत मला बंदरापर्यंत पळवत नेलं. निघतानाच पावणेतीन झाले होते; मी चालत गेलो असतो तर बोट चुकली असती. आम्ही अर्धा तास आधी पोचलो! तिकिटाच्या खिडकीवर बाबूने विचारलं, "किती जण?"

"हायत दोगं," शिवराम म्हणाला, "पन तिकीट येकाचंच द्या."

सोमवारी नऊ वाजताच मी पेढीच्या पायरीवर बसलो होतो. नोकरी मिळाली. भूतही कबूल केल्याप्रमाणे दहाच्या आत गेलं असावं, कारण नंतर त्याने कधी त्रास दिला नाही.

गणपतीला रजा घेऊन घरी आलो. शिवरामने आधी मला उन्हात उभं करून माझी सावली पडते का पाहिलं, मगच मिठी मारली. रात्रीपर्यंत थांबवेना, म्हणून जेवता जेवताच मी आत्याला विचारलं, "तिठ्यावरच्या त्या रुपयांचं काय झालं गं?"

आत्या उठली आणि देवघरातून एक डबी घेऊन आली. आत दोन्ही रुपये होते. कुंकू अजून तसंच चिकटलेलं.

"तू गेल्यावर सगळे पांगले, तशी जाऊन घेऊन आले."

"तुला भीती नाही वाटली?"

"माझा भात, माझा नारळ, माझीच गाठ. भ्यायचं कशाला?" तिने डबी माझ्यापुढे धरली. "घे, तुझेच आहेत. या पैशांसाठी किती ओरडलास त्या दिवशी!"

मला तिचा फार अभिमान वाटला. आमच्या घरात खरा सुधारक कोण हे मला तेव्हा कळलं. मी हात पुढे केला, मधोमध थांबलो, आणि म्हणालो, "आत्या, आज राहू दे. उद्या घेतो."

तो उद्या अजून यायचा आहे. आत्या गेली, मी पेन्शनीत निघालो, त्या रुपयांवरचा राजाही गेला, आणि डबी आता माझ्या देवघरात आहे. भूतखेत सगळं थोतांड आहे यावर माझा आजही ठाम विश्वास आहे. म्हणून तर त्या डबीवरची धूळ मी रोज स्वतःच्या हाताने पुसतो. अमावास्या सोडून!