कळशीतल्या साती जणी

हे लिहायची माझी लायकी आहे का, मला माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराखेरीज आजवर काही लिहिलेलं नाही. शिवाय ही गोष्ट माझ्यापेक्षा आत्याची आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "लिही, पन कोनाचं नाव घालू नको." तेवढं पाळलं आहे. बाकी चुकलं तर समजून घ्यावं.

साखऱ्याच्या पुढे आमचं गाव. रस्ता रुंद करताना गावाबाहेरची जुनी विहीर बुजवायची ठरली. विहिरीत साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, राहतात हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. भर दुपारी तिकडे कुणी लेकराला पाठवत नाही. पण विहीर बुजली तर त्या बायांनी जायचं कुठं, हे बघणारी माणसं आहेत, ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. त्यांना नाव नाही. आत्या नुसतं 'आपले लोक' म्हणते. सगळ्या तालुक्यांत, सगळ्या जातीधर्मांत ते आहेत, आणि प्रत्येकाला फक्त पुढचा एक माणूस ठाऊक असतो. आत्या त्यांच्यातली, हे माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं.

विहिरीचं पाणी कळशीत घ्यायचं, त्यासोबत साती जणी येतात, आणि ते पुढच्या माणसाच्या हातात द्यायचं. तो ते दुसऱ्या विहिरीत सोडतो. वाटेत कळशी झाकायची नाही, खाली टेकवायची नाही, त्यातला थेंब कुणाला द्यायचा नाही. आत्याचा खांदा दुखत होता, म्हणून गर्दीत वाट करायला तिनं मला सोबत घेतलं. काही विचारू नको म्हणाली, आणि हिंगोलीला गाडी बदलेपर्यंत आपणच सगळं सांगून मोकळी झाली.

"मावशी, गंगाच घेऊन निघाल्या का?" कंडक्टर म्हणाला. "तिचंबी तिकीट लागंल."

"मांडीवरच्या लेकराचं तिकीट काढतेत व्हय?" आत्या म्हणाली. गाडी हसली.

मी मात्र कळशीत बघत होतो. गाडीला गचक्यांवर गचके बसत होते, माझे दात वाजत होते, आणि काठोकाठ भरलेलं ते पाणी आरशासारखं स्थिर होतं. मी बी.एस्सी.ला आहे. असं होत नाही, हे मी शिकलो आहे.

कळमनुरीच्या अलीकडे टायर फुटला. स्टेपनीतही हवा नव्हती. माळावर सावली नाही, जवळ वस्ती नाही. हळूहळू सगळ्यांच्या बाटल्या संपल्या. शेजारच्या बाईच्या कडेवर वर्षाचं पोरगं होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला, मग ते रडायचंही थांबलं.

"आत्याबाई, घोटभर द्या ना लेकराला," ती बाई म्हणाली.

आत्यानं कळशी आणखी जवळ ओढली. मागच्या सीटवरचा म्हातारा बोलला, "देवाचं पानी असंल तर काय झालं? देव लेकराला सुकवून मारतो का? अंड्यावर कोंबडी बसावी तशी बसलीय!"

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग तिनं कळशीत हात बुडवला आणि पाण्यानं भरलेला तळवा लेकराच्या ओठांना लावला. ते प्यायलं. आणि कुणी ओळखीचं दिसावं तसं कळशीकडे बघून हसलं. तेव्हा ते पाणी पहिल्यांदा हललं.

आखाडा बाळापूरच्या बाजारात पुढचा माणूस, बांगडीवाले चाचा, वाट बघत होते. कळशी हातात घेताच थबकले.

"बाई, कमी काहून हाय?"

"तहानलेल्या लेकराला पाजलं."

चाचांनी कळशीत वाकून पाहिलं. मग म्हणाले, "आता यात किती जनी हायेत, तुमाला ठाऊक न्हाई, मलाबी न्हाई. लेकरू कुठलं?"

आत्यानं त्या बाईला गाव विचारून ठेवलं होतं. ते तिनं सांगितलं.

"आपल्या वरच्या लोकांना कळवतो. पोराच्या कॉलेजावर निरोप देतो, तोवर तुमी कुठल्याच हिरीवर जाऊ नका."

परतताना आत्या म्हणाली, "एखादी त्याच्या पोटात गेली असंल तर? मी तहान भागवली का त्याचा जीव घेतला, कसं कळावं रे?"

घरी आल्यावर तिनं विहिरीवर पाणी भरायला जाणं सोडलं, ते काम आईवर पडलं. माझी आई कुरकुरायची, "वन्सं, नव्या नवरीचं सोंग घेतलं का?" आत्या ऐकून घ्यायची. मी होस्टेलवर आलो की फोनवर तिचा एकच प्रश्न, "निरोप?" पावसाळा सरला, सोयाबीन काढून झालं, तरी माझं उत्तर तेच, "न्हाई."

दिवाळीनंतर एका दुपारी मी प्रॅक्टिकल संपवून निघालो, तर कॉलेजच्या फाटकाशी चाचा उभे.

"बेटा, नव्या हिरीवर आमी सात जोड बांगड्या ठेवल्या होत्या. सहा जोड उचलले गेले."

मी घाईनं विचारलं, "आणि लेकरू?"

"माझी सून जाऊन बघून आली. मस्त खेळून राहिलं. सातवा जोड त्याच्या पाळन्यात निघाला. त्या सातवीला परत बोलवायला आपले लोक गेले होते, ती आली न्हाई. पोराजवळच राहते म्हने, राखते त्याला. वरूनबी आता मंजूर झालं. आत्याला सांग, उद्यापासून खुशाल हिरीवर जा."