लाछूबेनचा धुण्याचा दगड

आमच्या शेजारच्या लाछूबेनला धुण्यासाठी दगड हवा होता. नवरा देवायतभाई ट्रॅक्टर घेऊन नदीत गेला आणि खाटेएवढी शिळा घेऊन आला. पण शिळा कसली, नुसती चाळण! बोट जाईल एवढी भोकं, आणि त्यांच्यामधून दोरखंडासारखी जाड वळणं उठलेली.

“अहो, किडका दगड आणलात!”

“दगडाला कुठं कीड लागते? धू मुकाट्यानं.”

तिनं धुतलं, तर त्या वळणांवर घासून घागरे असे लख्ख निघाले की आम्ही बायका आमची बोचकी घेऊन तिच्याच अंगणात जमू लागलो.

एकदा भुजच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या रश्मिबेन मुलांना घेऊन डोंगर बघायला आल्या. पाणी प्यायला अंगणात शिरल्या आणि साबणाच्या फेसात गुडघे टेकून ओरडल्या, “मासी, हात थांबवा!”

“का गं? साप आहे?”

“समुद्र आहे!”

मग त्यांनी सांगितलं. इथं समुद्र होता. तळचा चिखल घट्ट झाल्यावर कोलंबीसारख्या जिवांनी त्यात बोगदे खणले. ते बोगदे वाळूनं भरून घट्ट झाले, तीच ही वळणं. पुढं चिखलाचा दगड झाला, तर शिंपल्यांनी तोही पोखरून आत बिऱ्हाड केलं.

“दगडात? मेल्यांना दुसरी जागा मिळेना?” लाछूबेन हसली. पण दगड कॉलेजात न्यायची गोष्ट निघताच ती त्यावर फतकल मारून बसली. “माझं धुणं?”

सगळे गेल्यावर तिनं एका भोकातला साबण काडीनं काढला. आत इवलासा शिंपला! “अगं बाई, घरधनी अजून घरातच आहे,” ती हळूच म्हणाली. त्या दिवसापासून तिनं त्यावर कपडा आपटला नाही. देवायतभाईला दुसरा दगड आणायला पुन्हा नदीत पिटाळलं.

तो करवादला, “आधी किडका म्हणालीस, आता देव्हाऱ्यात ठेवणार काय?”

“मावत नाही, नाहीतर ठेवला असता.”

रश्मिबेनना तिनं प्लॅस्टरचा साचा तेवढा घेऊ दिला. त्यातून ओतलेली दगडाची हुबेहूब नक्कल कॉलेजात लावली तेव्हा नवरा-बायको भुजला गेले. लाछूबेननं लग्नातली चांदी घातली होती. मुलं घोळका करून प्रश्न विचारत होती आणि ती प्रत्येक भोकावर बोट ठेवून सांगत होती, जणू गावातली घरं दाखवतेय. परतताना दोघांनी बस चुकवून दाबेली खाल्ली.

“आणखी एक घ्या,” ती नवऱ्याला म्हणाली, “दगड उचलून दमलात.”